कोऱ्या समासाचं कोडं

१

"गेल्या! सगळ्या गेल्या! एकसुद्धा राहिली नाही हो!"

भाचीच्या या आरोळीसरशी छापखान्याच्या मालकांच्या हातातला चहा बशीत हिंदकळला आणि बशीतला थेट विजारीवर आला. एरवी त्यांनी आधी विजार झटकली असती. आज ते तसेच उठले. पुस्तकाची फाइल आदल्या दिवशीच पुरी झाली होती, उद्या सकाळी ती छपाईला जायची होती, आणि भाची काही उगाच ओरडणारी बाई नव्हे. ती उगाच टोमणे मारी, पण ओरडत नसे.

मालकांची मोठी बहीण खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसली होती. तिला सगळे ताई म्हणत. विमा कंपनीत तिने उभी हयात नुकसानीचे दावे तपासण्यात घालवली होती. जळालेली दुकानं, पाणी शिरलेली गोदामं, आणि त्याहून जास्त म्हणजे न जळताच जळालेली दाखवलेली दुकानं. निवृत्तीनंतर रोज सकाळी भावाच्या छापखान्यात यायचं, त्याचा चहा प्यायचा आणि त्याचं काय काय चुकतं ते त्याला सांगायचं, असा तिचा नेम होता. तिने चष्मा कपाळावर चढवला.

"काय गेलं? नीट सांग, पोरी."

"समासातल्या टिपा, ताई. मामांच्या."

आतल्या बाजूला छपाईचं यंत्र तेवढं घरघरत राहिलं.

भाची म्हणजे छापखान्याची टंकलेखिका. ज्यांचं पुस्तक छापायचं होतं ते गाणारे आजोबा तिचे सख्खे मामा, आणि ते दारात आले की "माझी भाची कुठाय?" असं विचारत, तेव्हापासून साऱ्या छापखान्याचीच ती भाची झाली. आजोबा गाऊन निरूपण सांगत. देवाचं नाव घेऊन उभे राहिले की एक गोष्ट, मग एक ओळ सुरात, मग पुन्हा गोष्ट. ऐकणारा हसता हसता डोळे कधी पुसू लागे ते त्याचं त्यालाही कळत नसे. रेकॉर्डिंगला मात्र ते कधी तयार झाले नाहीत. "समोर माणूसच नसेल तर मी बोलू कुणाशी?" म्हणायचे.

म्हातारपणी त्यांच्या निरूपणांचं पुस्तक करायचं ठरलं. शब्द टाइप करणं सोपं होतं. पण खरी चीज समासात होती. भाचीने महिनोन् महिने त्यांच्या उशाशी बसून ओळीओळीला टिपा लिहून घेतल्या होत्या. इथे श्वास घ्यायचा. हा शब्द लांबवायचा. इथे आवाज इतका खाली आणायचा, जणू शेजारी लेकरू झोपलंय. शेवटची टीप सांगून झाली आणि काही दिवसांतच आजोबांना झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. आता त्यांचं गाणं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, त्या फाइलच्या समासात.

आणि आता तो समास कोरा होता.

कोपऱ्यातल्या टेबलावरून मांडणीकारांनी खुर्ची मागे सारली. पानांची मांडणी त्यांच्याकडे असे; वयाने मोठे, म्हणून भाची त्यांना काका म्हणे. ते सावकाश उठले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे पिशवीचं काम आहे. आणि पिशवी या ऑफिसात एकाच टेबलावर आहे."

सगळ्यांच्या नजरा भाचीच्या टेबलाकडे वळल्या.

२

ही पिशवी म्हणजे काय, ते आधी ऐका.

मालकांनी कधीतरी ठरवलं होतं, की लिहिण्यामांडण्याचं सॉफ्टवेअर यापुढे मुक्तच वापरायचं. ज्याची घडण कुणालाही आतून पाहता येते, सुधारता येते आणि वाटता येते असं. विचार उत्तम होता. पण तशी सॉफ्टवेअरं निघाली दोन, आणि त्या दिवसापासून छापखान्याची शांती भंगली.

एक मोठं. त्यात काय नव्हतं? तक्ते, आलेख, तळटीपा, समासातल्या टिपा, कुणी कुठे काय बदललं त्याचा हिशेब, चौकटी, चित्रांना चिकटून वाहणारा मजकूर. ते उघडायला घेतलं की कॉम्प्युटरचा पंखा धापा टाकायला लागे. त्याला भाची पेटारा म्हणे. "काकांचा पेटारा उघडेपर्यंत मी घरी जाऊन कुकर लावून येते," असं ती म्हणायची.

दुसरं हलकं. बोट लावलं की हजर. लिहा, सेव्ह करा, चालू लागा. जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही ते उड्या मारी, आणि भाचीचा कॉम्प्युटर ऑफिसात सर्वांत म्हातारा, म्हणून तिच्याकडे तेच होतं. त्याला काका पिशवी म्हणत. "पिशवीत भाजी आणावी, संसार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरंही होतं त्यात काही. पेटाऱ्यात केलेली फाइल पिशवीत उघडली, तर पिशवीला जे कळत नाही ते ती दाखवतच नसे. आणि त्यात सेव्ह केलं, तर न कळलेलं सगळं गळून जाई. ती ना भांडण करी, ना धड इशारा देई. नुसती गाळून टाकी.

"मग तू पिशवीत उघडलीसच कशाला?" मालक भाचीवर खेकसले.

"मी नाही उघडली! मामांच्या फाइलला मी पिशवी कधी लावतच नाही. टिपा लिहायला तुमचाच लॅपटॉप नेत होते ना? पेटारावाला? आज लवकर आले, शेवटचं एकदा वाचावं म्हणून. तुम्ही येईपर्यंत थांबले, मग तुमच्याच लॅपटॉपवर उघडली, आणि हे..." तिचा आवाज फाटला. "मालक, मी माझ्याच मामांचा गळा घोटेन का हो?"

"मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? चुकून होतं," काका म्हणाले. आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानेच भाची जास्त भडकली.

"चुकूनही नाही!"

"अरे, थांबा जरा," ताईने हात वर केला. "दुसरी प्रत असेलच की."

मालकांनी डोकं धरलं. कधीकाळी दोन प्रतींची गल्लत होऊन चुकीचंच पुस्तक छापून झालं होतं. तेव्हापासून त्यांनी भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली होती, 'एक फाइल, एक जागा.' सामाईक फोल्डरात जी फाइल तीच खरी. बाकी सगळ्या पुसायच्या, आणि बाहेर न्यायची असेल तर मालकांना विचारूनच न्यायची. भाचीने ती आज्ञा इमानेइतबारे पाळली होती.

"आणि राखीव प्रतींची डिस्क?"

"भरली," मालक पुटपुटले. "टिपा सुरू व्हायच्या आधीच. नवी आणायची राहूनच गेली."

ताईने भावाकडे नुसतं पाहिलं. लहानपणापासून ती नजर त्यांना पाठ होती.

"आता कुणी कशाला हात लावू नका," ताई उठली. "मी एकेकाशी बोलते. आणि धाकट्या, तुझ्यापासून सुरुवात."

३

"मी?" मालक कागदाच्या थप्प्यांमागे उभे होते. "ताई, माझंच पुस्तक, मीच बुडवीन?"

"टिपा नकोत म्हणून तूच कुरकुरत होतास ना? परवा माझ्यासमोर."

"कुरकुरत होतो! पानाला समास केवढा ठेवावा लागतो माहितेय? पुस्तक परातीएवढं होतं. पण आजोबांच्या पायाशी बसून लहानाचा मोठा झालोय मी. कुरकुर वेगळी, कर्म वेगळं."

"काल फाइल शेवटची कधी पाहिलीस?"

"दुपारी. टिपा होत्या. मग कागदवाल्याकडे गेलो तो परत आलोच नाही. आणि ताई, खरं सांगू? मला त्या दोघांचा वीट आलाय. पेटारा की पिशवी, पिशवी की पेटारा. अरे, लिहायचं साधन आहे की धर्म? एक दिवस मी दोन्ही काढून पाटीपेन्सिल आणून देणार आहे."

ताईला हसू आलं, पण ते तिने आत ठेवलं आणि मांडणीकारांच्या टेबलाशी गेली. ते काम करत नव्हते. कॉम्प्युटर समोर नुसता चालू होता.

"काल संध्याकाळी तुम्ही होतात?"

"होतो. आजोबांच्या मुलाने त्यांचा नवा फोटो आणून दिला, पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी. तो टाकला, फाइल बंद केली, गेलो."

"इथे? या कॉम्प्युटरवर? पेटाऱ्यात?"

"मग काय, पिशवीत टाकू?" ते कडवट हसले. "माझं मत साऱ्या ऑफिसला माहितेय, ताई. ती पिशवी ज्या कॉम्प्युटरवर असेल त्याला मी शिवतसुद्धा नाही. कालपर्यंत फाइल ठीक होती. आज सकाळी मी आलो, भाची आधीच येऊन बसली होती, आणि फाइलवर आज सकाळची वेळ आहे. मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण जुळवून बघा."

"तुम्ही आल्यावर फाइल उघडलीत?"

"नाही. आल्या आल्या तिची आरोळीच ऐकली."

ताईने मान डोलवली. जुळत तर होतंच. नको इतकं जुळत होतं.

दुपारी आजोबांचा मुलगा आला. भाचीने त्याला फोनवर रडत रडत कळवलं होतं. चाळिशीचा, थकलेला, वडिलांच्या आजारपणात वजन उतरलेला माणूस. बातमी ऐकून तो खुर्चीत बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर आणखी काहीतरी येऊन गेलं. ताईने ते टिपलं. दावे तपासताना असले चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते.

"सुटल्यासारखं वाटलं का रे तुला?" तिने विचारलं.

तो दचकला. भाची गर्रकन वळली. "दादा?"

"एका टिपेपुरतं," तो खाली बघत म्हणाला. "बाबांनी एका चालीपाशी लिहवलंय, 'ही माझ्या मुलाच्या गळ्यात बसली नाही, त्याच्याकडून शिकू नये.' छापून येणार ते. मी तिला म्हटलं होतं, एवढी एक काढ."

"आणि मी म्हटलं होतं, मामांना विचार," भाची म्हणाली. "तेव्हा बोलत होते. विचारलंस का?"

"हिंमत झाली नाही."

कारण होतं. कॉम्प्युटरला हात लावायला संधी होती का, हाच प्रश्न उरला.

"काल तू इथे आला होतास. फोटो घेऊन," ताई म्हणाली. "कुणी होतं?"

"काकांशिवाय कुणीच नाही. मी दारात पोचलो तेव्हा काका खांद्याला पिशवी अडकवून चप्पल घालत होते. दिवे घालवून झाले होते. पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला, आम्ही दोघं बरोबरच जिना उतरलो. त्यांची बस आली, ते चढले. मी घरी गेलो."

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिने मांडणीकारांच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ अगदी ताठ झाली होती.

४

पण ताठ पाठ हा काही पुरावा नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? विसरतात माणसं. फोटो कधी टाकला, आज की काल, यात गफलत होऊ शकते. आणि गुन्हेगार सापडून तरी काय उपयोग? टिपा थोड्याच परत येणार होत्या.

ती भाचीच्या बाजूला स्टूल ओढून बसली. भाचीने तोंड धुतलं होतं. आता ती रडत नव्हती, चिडली होती, आणि ते ताईला बरं वाटलं.

"आठवून परत लिहिता नाही येणार?"

"शब्द आठवतील, ताई. पण मामा एका ओळीला एकदा एक सांगायचे, दुसऱ्या दिवशी म्हणायचे, 'पूस ते, रात्री गाऊन बघितलं, तसं नको.' कितीदा पुसलं, कितीदा लिहिलं. शेवटी काय ठरलं होतं ते माझ्या डोक्यात सगळं एकात एक मिसळलंय. चुकीचं लिहिलं तर? ते ऐकतील आणि त्यांना सांगताही येणार नाही की चुकलं."

ताईने चष्मा काढून पुसला.

"तुझ्या या पिशवीबद्दल सांग मला. सगळं. चांगलं, वाईट."

"चांगलं म्हणजे हलकी आहे. वाईट म्हणजे गाळते. काका म्हणतात ते खोटं नाही, फक्त ते म्हणतात तसं म्हणू नये इतकंच." ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "ताई! जुनी प्रत!"

"कसली?"

"पिशवी सेव्ह करताना आधीची फाइल फेकून देत नाही. तिला बाजूला सारते, नावाला शेपूट लावून, त्याच फोल्डरात ठेवते. कुणाचं लक्ष जात नाही त्या शेपटीकडे. फाइल पिशवीत सेव्ह झाली असेल, तर न गाळलेली प्रत तिथेच शेजारी असायला हवी!"

मालक धावत आले. आजोबांचा मुलगा उभा राहिला. सामाईक फोल्डर उघडला. सगळे श्वास रोखून बघत होते.

शेपटीची फाइल नव्हती.

भाचीचा कॉम्प्युटर धुंडाळला. नाही. मालकांचा लॅपटॉप. नाही. मांडणीकारांनी आपली खुर्ची सोडली आणि त्यांचाही कॉम्प्युटर पाहिला गेला. तिथे तर पिशवीच नव्हती, शेपूट कुठून येणार? कचरापेट्याही उलट्यापालट्या केल्या. काही नाही.

"म्हणजे पुसली असणार," मांडणीकार हळूच म्हणाले.

"मी?" भाची उसळली. "एवढं मला कळत असताना मी ती प्रत पुसली असती की गुपचूप परत ठेवली असती? काका, जरा डोकं चालवा ना!"

मालकांनी दोन्ही हात हवेत फेकले. "देवा रे! म्हणजे पिशवीने गाळलं, पण पिशवी जिथे आहे तिथे काही झालंच नाही! हे कसलं कोडं?"

ताई मात्र एकदम शांत झाली. भाची रागाच्या भरात लाखाची गोष्ट बोलून गेली होती. ज्याला ती प्रत ठाऊक आहे, तो ती पुसणार कशाला?

"मला ती बिघडलेली फाइल दाखव," ती म्हणाली. "सगळी. पहिल्या पानापासून."

५

जळालेल्या दुकानात शिरलं की सगळे काय जळलं ते बघतात. ताईला तिच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, काय जळलं नाही ते बघ. ज्या कपाटाला धग लागली नाही, ते आग विझल्यावर तिथे आणून ठेवलेलं असतं.

भाची पानं सरकवत गेली. पानोपानी पडझड होती. प्रकरणांच्या मथळ्यांभोवतीच्या वेलबुट्टीच्या चौकटी गळाल्या होत्या. तळटीपा नव्हत्या. प्रत्येक प्रकरणाला एक रेखाचित्र होतं, मांडणीकारांनी मजकुरात निगुतीने बसवलेलं. ती सगळी चित्रं आपापल्या जागा सोडून घसरली होती. कुणी डाव्या कडेला जाऊन भिंतीला टेकल्यासारखं, कुणी ओळीच्या बोडक्यावर चढून बसलेलं. आपलं काम असं विस्कटलेलं बघून मांडणीकारांनी मान फिरवली.

"परत पहिल्या पानावर जा."

पहिल्या पानावर आजोबांचा नवा फोटो होता. डोळे मिटलेले, हात अर्धवट उचललेला. पानाच्या बरोबर मध्ये.

"तुम्ही लोक फोटो पेटाऱ्यात कसा बसवता?" ताईने सहज विचारावं तसं विचारलं.

"चित्रांसारखाच," भाची म्हणाली. "काका सगळं एकाच पद्धतीने बसवतात. त्यांच्या हातची एक चौकट ठरलेली आहे."

"मग पिशवीने गाळल्यावर बाकीच्या चित्रांसारखा हाही घसरायला हवा होता."

भाचीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"एवढी मोठी आग लागली," ताई म्हणाली, "आणि या एका कपाटाला धग नाही. म्हणजे हे कपाट आगीनंतर आलं. हा फोटो पेटाऱ्यात टाकलेलाच नाही. तो पिशवीत टाकला. फाइल पिशवीत उघडली, तेव्हाच सगळं ढळलं होतं. मग त्यात हा फोटो ठेवला आणि सेव्ह केलं. ज्याने फोटो ठेवला त्यानेच टिपा गाळल्या."

"पण फोटो तर..." आजोबांचा मुलगा म्हणाला आणि थांबला.

"तो ज्याच्या हातात दिलास, तो चप्पल घालत होता. दिवे घालवलेले. तुझ्याबरोबर जिना उतरला. इथे फोटो टाकलाच गेला नाही काल." तिने आवाज चढवला नाही. "इथल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर शेपूट नाही, कारण हे इथे झालंच नाही. ते घरी झालं. 'एक फाइल, एक जागा' ही पाटी डोक्यावर असताना, फाइल न विचारता घरी गेली आणि सकाळी परत आली. म्हणून तिच्यावर सकाळची वेळ. घरी काय आहे ते मला माहीत नाही. पण पेटारा पेलेल असं काही नसावं."

मालक भाचीकडे बघत होते, भाची काकांकडे, आणि काका जमिनीकडे.

६

"बायकोचा जुना लॅपटॉप आहे," मांडणीकार म्हणाले. "पेटारा त्यावर उघडतच नाही. प्रयत्न केले. पंखा किंचाळतो आणि बंद पडतो."

"म्हणून पिशवी टाकली?" भाचीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वर्ष झालं. रोज फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जातो, एखादी ओळ, एखादं पान बघायला. कधी सेव्ह करत नाही. काल वाटलं, एक फोटोच तर टाकायचाय, सकाळी इथे पेटाऱ्यात नीट बसवू. इतकं पटकन झालं..." ते थांबले. "सकाळी परत ठेवली. तू उघडलीस आणि ओरडलीस, तेव्हा कळलं. त्याच क्षणी कळलं."

"आणि तरी म्हणालात, पिशवी एकाच टेबलावर आहे," भाची म्हणाली. "मऊ आवाजात."

"काय सांगणार होतो? इतकी वर्षं तुझ्या नाकासमोर नाचवून सांगितलं, की पिशवी वापरणारा माणूस निष्काळजी. आणि मीच..." त्यांनी चेहरा पुसला. "वाटलं, तुला तोंडपाठ असतील. तू परत लिहिशील. जुनी प्रत वगैरे असते हे मला माहीतच नव्हतं गं. शिव्या घालायच्या नादात पिशवी काय करते ते कधी बघितलंच नाही."

आजोबांचा मुलगा एक पाऊल पुढे आला, पण ताईने त्याला हाताने अडवलं. "भांडण मग. काका, एकच विचारते, आणि आता तरी खरं सांगा. काल घरी सेव्ह कितीदा केलंत?"

भाचीच्या लक्षात आलं आणि ती पांढरी पडली. शेपटीची प्रत एकच राहते. दुसऱ्यांदा सेव्ह केलं असेल, तर शेपटीतही गाळलेलीच फाइल.

मांडणीकारांनी डोळे मिटून आठवलं. सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"आठवत नाही," ते म्हणाले.

७

मालकांनी गाडी काढली. वाटेत सिग्नलला मालकांनी कारण नसताना हॉर्न वाजवला आणि ताईने त्यांच्या मनगटावर चापट मारली.

मांडणीकारांच्या बायकोने दार उघडलं आणि एवढी माणसं बघून घाबरली. "काय झालं हो? तुम्ही बरे आहात ना?"

"लॅपटॉप कुठाय?"

"ओट्यावर. मी रेसिपी बघतेय."

लॅपटॉप आणला गेला. फोल्डर उघडला. पुस्तकाची फाइल तिथे होती, आणि तिच्या शेजारी, नावाला शेपूट लावलेली, दुसरी.

"उघडू?" मांडणीकार म्हणाले.

"इथे नाही!" भाची, ताई आणि मालक एकदमच ओरडले.

पेन ड्राइव्हवर दोन प्रती, मालकांच्या फोनवर तिसरी, असं करून सगळे तसेच परत आले. 'एक फाइल, एक जागा' ही पाटी मालकांनी येता येताच ओरबाडून काढली. मांडणीकारांच्या कॉम्प्युटरवर पेटारा उघडायला घेतला. पंखा फुरफुरू लागला. पडद्यावर पट्टी सरकत होती, थांबत होती, सरकत होती.

"हा पेटारा!" भाची दात खात म्हणाली. "आज तरी लवकर उघड रे, मेल्या!"

मांडणीकार तिच्या मागे उभे होते. त्यांनी जीभ चावली.

आणि पान उघडलं. वेलबुट्टी होती. चित्रं जागच्या जागी होती. आणि उजव्या समासात, एकाखाली एक, एकाखाली एक, पिवळ्या टिपा.

आजोबांच्या मुलाने खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकलं आणि मोकळेपणाने रडला. मालक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भाचीने मात्र लगेच पानं चाळायला सुरुवात केली, पहिली टीप, दुसरी, पाचवी, सगळ्या आहेत ना याची खात्री करत. एका ठिकाणी तिचा हात थांबला.

"दादा," ती मुलाला म्हणाली. "तुझी ती टीप. बघ."

तो डोळे पुसत वाकला. 'ही माझ्या मुलाच्या गळ्यात बसली नाही, त्याच्याकडून शिकू नये.' आणि त्याखाली, नंतर जोडलेली एक ओळ: 'दोष माझा, मी घाईने शिकवली. त्याने म्हणावी, मी पुन्हा ऐकीन.'

"हे कधी लिहवलं त्यांनी?"

"शेवटी शेवटी. तुला पुस्तकातच दाखवायचं म्हणाले होते. म्हणून तर मी काढत नव्हते."

त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्याने फोन काढला, घरी लावला आणि आईला म्हणाला, "फोन बाबांच्या कानाशी धर गं. हो, आत्ताच."

भाचीने चाल जिथे सुरू होते ते पान पूर्ण पडद्यावर आणलं. मुलाने घसा साफ केला. मांडणीकार हळूच दाराकडे निघाले होते. त्यांना वाटलं, आता आपलं इथे काय काम. भाचीने मान न वळवता विचारलं, "काका, कुठे चाललात? टिपेत लिहिलंय, इथे दुसऱ्या कुणीतरी सूर धरायचा. मालकांना सूर धरता येत नाही."

मांडणीकार थांबले. मग परत आले आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

मुलाने पहिली ओळ म्हटली. आवाज कापत होता, पण टिपेत जिथे श्वास घ्यायचा होता तिथेच त्याने श्वास घेतला. मांडणीकारांनी सूर धरला. फोनच्या पलीकडून, अगदी पुसट, शब्द नसलेला एक हुंकार आला.

"थांबू नकोस," ताई म्हणाली. "ऐकतायत ते."